उगवतीचं दार

चिमीला तुम्ही मारलंत. भूकंपानं नाही, घरानं नाही, तिच्या पोरानंही नाही. तुमच्या टेबलावर तीन वेळा एकच प्रश्न आला होता. एका ओळीचा. त्याला एक किंवा दोन एवढंच उत्तर द्यायचं होतं, शाळेची पायरी न चढलेला माणूससुद्धा बोट वर करून देईल असं. तुम्ही शिक्का मारलात, सही केलीत, आवक क्रमांक टाकलात. उत्तर तेवढं दिलं नाहीत. आता म्हणता, बाई पाय घसरून पडली. तिचा पाय घसरला नव्हता. तो कुठं पडला आणि का पडला ते नीट ऐका. ऐकायचाच पगार मिळतो तुम्हाला.

झरीच्या अलीकडं मोठा रस्ता सोडून आत वळलं की खोरीपाडा लागतो. वीस-बावीस घरं. शेवटचं घर रघ्या करबटाचं. रघ्याला जाऊन दहा वर्षं झाली तरी घर त्याच्याच नावानं ओळखत. आत त्याची बायको चिमी, थोरला मुलगा मिथुन, मिथुनची बायको संगिता, त्यांची पोरगी शितल आणि धाकटा नविन. नविन उंबरगावला कंपनीत जायचा. मिथुन गवंडी होता. संजाण, उंबरगाव, पार झाईच्या वाड्यांपर्यंत त्यानं लोकांचे बंगले उभे केले होते. तिकडं त्याला कडिया म्हणत. स्वतः मात्र तो कुडाच्या घरात राहायचा. सागाचे खांब, कारवीच्या काठ्यांच्या भिंती, त्यावर शेणामातीचा लेप, माथ्यावर कौलं.

"न्हाव्याचेच केस वाढलेले," शेजारचा धोंडी म्हणायचा.

पण ते घर वाईट नव्हतं, हेही लिहून घ्या. दोन हजार अठराची दिवाळी उलटते न उलटते तोच जमीन हलायला लागली, आणि मग थांबायचं नावच घेईना. कधी आठवड्यातून एकदा, कधी दिवसातून चारदा. पाड्यात विटांची दोन घरं होती, ती पहिल्याच थंडीत तडकली. रघ्याचं घर टोपलीसारखं करकरलं, दोन कौलं खाली आली आणि गडी पुन्हा आपल्या जागेवर. वाकायचं कसं ते त्या घराला ठाऊक होतं.

चिमीला वाकणं ठाऊक नव्हतं. तिला पळणं ठाऊक झालं.

धक्क्याच्या आधी गडगड येते. जमिनीच्या पोटातून, लांबून कोणी भरलेली गाडी लोटत आणावी तशी. गडगड आणि धक्का यांच्यात दोन श्वासांचा वेळ. त्या दोन श्वासांत जो दाराबाहेर पडला तो वाचला, असा चिमीनं कायदा केला. तुमच्या कायद्यांसारखा कागदावरचा नाही, पायातला. इकडं तिकडं बघायचं नाही, काही उचलायचं नाही, चपला शोधायच्या नाहीत. गडगड, की दार. दार उगवतीला. दाराबाहेर ओटा, ओट्याखाली अंगण, अंगणात उघडं आभाळ.

नुसतं सांगून ती थांबली नाही. दुपारची जेवणं झाली, माणसं सुस्तावली, की ती मागून पाण्याचं रिकामं पिंप घरातल्या जमिनीवरून लोटायची. गडगडगड. सगळे उठून धावायचे. जो शेवटी बाहेर येईल त्यानं विहिरीवरनं पाणी आणायचं. नविन कायम शेवटी.

"आये, झोपेत तरी सोड," तो म्हणायचा.

"झोपेतच तर येतो तो," चिमी म्हणायची. "तुला विचारून येईल काय? उचल कळशी."

शितल चार वर्षांची होती तेव्हापासून हा खेळ चालला होता. पोरीला अ-आ-ई यायच्या आधी गडगड-दार आलं. सहा-सात वर्षांत पायांना अशी सवय झाली की डोक्याला विचारायची गरज उरली नाही. एकदा लग्नात कोणी मांडवामागं ढोल लोटला आणि करबटांचं सगळं कुटुंब पानावरून उठून उगवतीला पळालं. लोक पोट धरून हसले. चिमी पण हसली. पण पळाली आधी.

मग रस्ता आला. नवा, रुंद, इथल्या माणसाच्या काही कामाचा नसलेला. मोजणीवाल्यांनी घराच्या पुढच्या खांबावर लाल रंगानं आकडा टाकला. घर रेषेत गेलं. सागाचे खांब, कूड, कौलं, सगळं पावसाळा संपायच्या आत हलवायचं. राहिली ती मागची तीन गुंठे जमीन. त्यातली निम्मी उंचावरची, कोरडी. निम्मी म्हणजे आवणाची जागा. तिथं दर वर्षी राब, म्हणजे पालापाचोळा अंथरून, भाजायचा, भात पेरायचं, रोप वर आलं की तेच उपटून खालच्या खाचरांत लावायचं. ती जागा गेली तर खाचरं असून नसून सारखी.

आता हिशेब लहान पोरालाही कळेल. नविनचं लग्न ठरलं होतं. दोन संसार, म्हातारी, पोरगी, वर्षाचं भात. हे सगळं एका मजल्यात बसवायचं तर घर पसरावं लागणार आणि आवणाची जागा भरावी लागणार. आवण वाचवायचं तर घर वर न्यावं लागणार. पसरलं तर पोट जातं. वर नेलं तर, ज्या जमिनीला सात वर्षं थारा नाही तिच्यावर मजल्यावर मजला.

यावर घरात भांडणं झाली. अंगणात, सगळ्यांना ऐकू जातील अशी.

"दोन मजलीच," नविन म्हणाला. "रस्त्याकडची सगळी घरं बघ. आपणच जमिनीला चिकटून बसायचं काय?"

"जमीन हलते म्हणून तर," मिथुन म्हणाला.

"तूच बांधतोस ना लोकांना दोन-दोन, तीन-तीन मजले? ती काय हलत नाय? का तिकडं सळई घालतो आणि घरी बांबू?"

"तिकडं मी राहत नाय."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मिथुनलाच ते लागलं. किती घरं बांधली, कोणाची बांधली, सगळी डोळ्यांपुढं आली. काही ठिकाणी शेठनं सळई वाचवायला सांगितलेली, कॉलमच्या सळया बांधायच्या रिंगा चारऐवजी आठ-आठ इंचांवर टाकायला लावलेल्या. त्यानं टाकल्या होत्या. त्या घरांत माणसं झोपत होती.

"आवणाच्या जागेवर घर म्हंजे जेवत्या ताटात पाय," चिमी म्हणाली. "ते मी मेल्याबिगर होणार नाय."

"मग आये, दोन मजली?"

"भाताच्या वर माणूस झोपणार? कणसरी देवी खाली आणि तिच्या डोक्यावर तुझी खाट? तेही नाय."

"म्हंजे एक मजली नाय, दोन मजली नाय. मग अंगणात बसू सगळे."

"बसलो होतो की. पहिल्या थंडीत सरकारनं दिलेल्या त्या निळ्या तंबूत दोन महिने बसलो होतो. तुझी बायको बसेल काय ते तिला विचार."

ओट्यावरून धोंडी म्हणाला, "दोन मजली बांधा रे. वर चढून आम्हाला रेंज तरी मिळेल."

मिथुन हसला नाही. त्याला मजल्याची हौस नव्हती आणि भीतीही नव्हती. त्याला माहिती हवी होती. सळई किती घालायची ते त्याला येत होतं. पण ही जमीन, ही रघ्याची तीन गुंठे, हिच्या पोटात काय आहे, खडक आहे की भुसभुशीत, हिच्यावर एक मजला धरेल की दोन, हे गवंड्याला थापी आपटून कळत नाही. ते तुमच्याकडं यंत्रं असतात त्यांना कळतं. म्हणून त्यानं शितलच्या वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं:

'आमच्या पाड्यात सन २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसतात. आमचे घर रस्त्यात गेले आहे. नवीन घर बांधायचे आहे. तरी आमच्या जागेवर एक मजली बांधावे की दोन मजली, हे लेखी कळवावे.'

एवढंच. मोबदला वाढवा म्हणाला नाही, नोकरी द्या म्हणाला नाही.

पहिला अर्ज घेतला त्या कारकुनानं तो दोनदा वाचला. "हे काय विचारलंय?"

"एक की दोन, साहेब."

"तुमचं घर, तुम्ही ठरवा. सरकार कसं सांगणार?"

"घर माझंच होतं तेव्हा रस्ता कुठून जाणार ते सरकारनं सांगितलं ना. मग हेही सांगा."

कारकुनानं शिक्का मारला. एक महिन्यानं कागद आला, सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही. दुसरा अर्ज वरच्या कार्यालयात. तिथून कागद आला की अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी खाली पाठवला आहे. खाली म्हणजे जिथून तो वर गेला होता तिथंच. तिसरा अर्ज त्यानं माणसाच्या हातात दिला. भूकंपाची जनजागृती करायला गाडी आली होती, तिच्यातून एक इंजिनिअर उतरला होता. तरुण, चष्म्याचा, पायात पांढरे बूट. त्यानं पाड्याला रंगीत कागद वाटले. भूकंप आल्यास मजबूत टेबलाखाली बसा.

"टेबल एकच आहे साहेब, अंगणवाडीचं," धोंडी म्हणाला. "त्याच्याखाली तुक्याची कोंबडी अंड्यावर बसली आहे. तिला उठवू काय?"

बायका पदरात हसल्या. इंजिनिअर पण हसला. माणूस वाईट नव्हता. मिथुननं अर्ज पुढं केला. त्यानं वाचला, जमिनीकडं बघितलं, बुटाच्या टोकानं माती उकरली.

"माती तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

"मग तपासा."

"त्यासाठी मागणी करावी लागते."

"कुठं?"

"अर्ज करा."

मिथुननं त्याच्या हातातल्या कागदाकडं बोट केलं. "हा काय आहे?"

इंजिनिअरनं मिथुनच्या प्रतीवर गाडीतला शिक्का मारून दिला, अर्जाची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाला, बघतो. तो अजून बघतोय.

पावसाळा डोक्यावर आला. मजूर मिळेनासे झाले, रस्त्यावाल्यांचा माणूस दर आठवड्याला येऊन खांबावरच्या आकड्याकडं बघून जाऊ लागला. उत्तर कोणी देईना तेव्हा चिमीनंच एक दिवस तोड काढली. चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता.

"दोन मजली बांध. पण वर भात ठेवायचं. माणसं सगळी खाली. जुन्या घरात माळा होता ना, तसाच माळा समज. फक्त सिमेंटचा."

मिथुनला ते पटलं. भात वर गेलं की खालची कणग्यांची जागा मोकळी होते, तिथं नविनची खोली निघते. आवण वाचतं. भाताच्या वर कोणी झोपत नाही. आणि कोणाला जिना उतरून पळावं लागत नाही, कारण झोपतात ते सगळे दारापाशीच.

"वा," नविन म्हणाला. "वरच्या मजल्यावर भात राहणार, हवेशीर. भाताला पंखा लावायचा काय?"

"लाव. त्याच्यावरच जगतोस," चिमी म्हणाली.

मिथुननं घर बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं शेठ कोणी नसलेलं घर बांधलं. रिंगा चार इंचांवर टाकल्या. प्रत्येक रिंगेचं टोक आत वाकवलं, काँक्रीटच्या पोटात, हिसका बसला तरी उलगडणार नाही असं. दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना एकच सळईचा पट्टा फिरवला, डोक्याला मुंडासं बांधावं तसा. स्लॅबला आठवडाभर पाण्याची तळी करून ठेवली. नविन रविवारी यायचा आणि म्हणायचा, "दादा, घर बांधतोस का धरण?" मिथुन पुढची सळई वाकवायला घ्यायचा. तुम्ही जे सांगितलं नव्हतं ते त्याला सळईतून भरून काढायचं होतं.

जिना घराच्या मागं, मावळतीला. पुढं ओट्याची जागा अडायला नको म्हणून. वर भाताची पोती चढवायची तर जिन्यानं माणसाचा जीव जातो, म्हणून वरच्या मजल्याला एक मोकळं दार ठेवायचं, त्याच्यावर कप्पी लावायची, खालून दोर ओढला की पोतं वर. हे दारही मिथुननं मागंच काढलं होतं. जिन्याशेजारी. विटांची ओळ तिथवर आलीसुद्धा होती.

चिमीनं ते बघितलं आणि काम थांबवलं.

"भात मागच्या दारानं घरात आणणार?"

"आये, पोती चढवायला आहे ते."

"तेच विचारते. कणसरी काय चोर आहे, मागनं यायला? ती उगवतीनं येते. तुझा बाप प्रत्येक वर्षी पहिलं पोतं उगवतीच्या दारानं आत आणायचा. तुला खांद्यावर बसवून आणायचा, डोक्यावर पोतं." ती हसली. "दार पुढं काढ. खालच्या दाराच्या बरोबर वर."

"पुढं ओटा आहे. दगडाचा. पोतं सुटलं तर फुटेल."

"मग सोडू नको."

मिथुननं मागचं दार बुजवलं आणि पुढं काढलं. खालच्या दारावर वरचं दार, एका सरळ रेषेत, ओळंबा लावून. पुढं गॅलरी काढायची म्हणून सळया बाहेर ठेवल्या, हातभर. गॅलरी येत्या उन्हाळ्यात करू म्हणाला. वरच्या दाराला फळ्या कशाला, भाताला वारा लागू दे, म्हणाला. वर कोण राहणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, दार त्यानं ठेवलं. ठेवलं. तो नाही कुठं म्हणतोय. रात्रंदिवस तेच म्हणतोय.

गणपतीनंतर ते राहायला गेले. नविनची दक्षा सून म्हणून आली. चिमीनं तिला पहिल्या आठवड्यात पिंप लोटून शिकवलं. दक्षा शेवटी आली, कळशी तिनं उचलली. नविन म्हणाला, माझी सुटका झाली. नव्या घरात खालच्या कुठल्याही कोपऱ्यातून दारापर्यंत अकरा पावलं. चिमीनं मोजली होती. दार उगवतीला. दाराबाहेर ओटा. सगळं जुन्यासारखं.

दसऱ्याआधी एक चांगला धक्का आला. भांडी वाजली. सगळे अंगणात. मिथुन मात्र लगेच आत गेला आणि भिंतींवरून हात फिरवत सुटला, कॉलमच्या कडेकडेनं, खिडक्यांच्या कोपऱ्यांत. एक केसाएवढी चीर नव्हती. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा ओट्यावर पाय पसरून बसला.

"धरलं ना?" चिमीनं विचारलं.

"धरलं."

"त्यांनी सांगितलं नाय म्हणून काय अडलं," ती म्हणाली.

कापणी झाली, झोडणी झाली. पहिलं पोतं वर चढलं तेव्हा चिमीनं त्याला कुंकू लावलं आणि शितलला दोराला हात लावायला लावला. उगवतीच्या दारातून भात आत गेलं. वरचा मजला भरला. खाली नव्या भाताचा वास उतरायचा.

ती सकाळ बुधवारची. दहा वाजून गेले होते. नविन कामावर गेलेला, संगिता आणि दक्षा विहिरीवर. शितलला बरं नव्हतं म्हणून शाळेत न जाता ती ओट्याच्या टोकाला उन्हात बसली होती. मिथुन पंचवीस पावलांवर आवणाच्या जागेत होता. भात निघालं होतं, ओल होती, तिथं वाल टोचत होता. चिमी मागच्या जिन्यानं वर गेली, कांडपाला भात काढायला. सुपात भात पडल्याचा आवाज त्याला खाली येत होता.

मग गडगड आली.

मिथुन उघड्यावर होता, त्याला पळायचं कारण नव्हतं. तरी त्याचे पाय हलले. एक पाऊल टाकून तो थांबला आणि त्यानं घराकडं बघितलं. आधी बघितलं ते कॉलमकडं. आईकडं नाही. हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं, कोणी विचारलं नसताना.

वर सूप पडलं. आणि वरच्या दारात चिमी दिसली. ती घाबरलेली नव्हती. कशी असेल, तिला घाबरायची सवयच राहिली नव्हती. सात वर्षं जे केलं तेच ती करत होती. इकडं तिकडं बघितलं नाही. काही उचललं नाही. एक हात पुढं, शितलला पुढं ढकलायला असायचा तसा. दार उगवतीला होतं. दाराबाहेर ओटा असतो. तिनं पाऊल टाकलं, भरवशाचं, पूर्ण वजनाचं पाऊल.

ओटा होता. अकरा फूट खाली.

मग धक्का बसला. एवढासा. शितलच्या बाजूला ठेवलेला पाण्याचा पेला हलला पण सांडला नाही.

तलासरीला पोचायच्या आधीच, रिक्षात, चिमी संपली. डोकं मिथुनच्या मांडीवर होतं. ती काही बोलली नाही. गोष्टीत माणसं बोलतात. तिचे पाय फक्त दोनदा हलले, पळायला निघाल्यासारखे.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात. सहा-सात वर्षांत एक ओळ लिहायला आला नाहीत, पंचनाम्याला तीन दिवसांत आलात. बरोबर तोच चष्म्याचा इंजिनिअर, बूट तेच पांढरे. अंगणात माणसं बसली होती. तो घराभोवती फिरला. भिंतीला टॉर्च लावला, कोपरे बघितले, कॉलमवर बोट वाजवलं.

"एकही तडा नाही," तो म्हणाला. "कोणी बांधलं?"

"मी."

"फार चांगलं बांधलंय. लिंटेलला पट्टासुद्धा आहे." त्यानं खिशातून मोबाईल काढला. "फोटो काढू का? आमच्या पुस्तिकेत असं एक घर हवं होतं."

संगिता उठून आत गेली. धोंडी ओट्यावरून उठून अंगणाच्या टोकाला गेला.

बरोबरच्या माणसानं लिहिलेलं वाचून दाखवलं. धक्का सौम्य. घराचं नुकसान निरंक. मृत्यूचं कारण, उंचावरून पाय घसरून पडणे. भूकंपामुळे मयत, संख्या निरंक. "इथं सही करा," तो म्हणाला.

"ती घसरली नाय," मिथुन म्हणाला.

"मग?"

"चालत गेली."

"असं लिहिलं तर आत्महत्या होईल हो. तुम्हालाच त्रास."

मिथुन घरात गेला आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. तिच्यात तीन अर्जांच्या पोचा होत्या, शिक्के नीट दिसतील अशा घड्या घालून ठेवलेल्या. त्या त्यानं इंजिनिअरच्या पुढं ओट्यावर मांडल्या. बरोबर जिथं ती पडली होती तिथं. शेणानं सारवलं होतं तरी दगडातला डाग वर आला होता.

"साहेब, सही करतो. आधी तुम्ही करा. एक ओळ लिहा. या जागेवर दोन मजली घर चालतं, असं लिहा. घर धरलं ना? तडा नाय ना? मग लिहा."

इंजिनिअरनं पेनाचं टोपण काढलं.

"नाय लिहायचं? बरं. मग लिहा, दोन मजली चालत नाय, एकच बांधायला हवं होतं. आम्ही चुकलो. लिहा, मी खाली सही करतो."

"मला तसा अधिकार नाही," इंजिनिअर म्हणाला. आवाज खाली गेला होता त्याचा. पेन हातातच होतं, टोपण काढलेलं.

"फोटो काढायचा आहे?"

तो गाडीकडं वळला. मोबाईल खिशात घातला. गाडी गेली, सही न घेताच. फोटो त्यानं आधीच काढला होता, हे शितलनं बघितलं होतं.

त्यानंतर मिथुननं वरच्या दाराला विटा लावल्या. पोरीनं विचारलं, आता भात कुठनं आत येणार? तो पुढची वीट लावत राहिला. नविन म्हणतो, मजला राहू दे, दादा, घर चांगलं आहे, आयेनंच सांगितलं होतं दोन मजली बांध. संगिता म्हणते, पाड, आवणाच्या जागेत पसर, उपाशी मरू पण जमिनीवर मरू. दक्षाला दिवस गेले आहेत, तिला कोणी विचारलेलं नाही. शितल घरात झोपत नाही. अंगणात, रघ्याच्या जुन्या खांबांच्या ढिगाशेजारी अंथरूण घालते. रिकामं पिंप तिनं स्वतः उचलून विहिरीमागं नेऊन ठेवलं आहे.

मिथुननं घण आणून जिन्याच्या तोंडाशी ठेवला आहे. दररोज कामावर जाताना तो त्याच्याकडं बघतो. घर पाडायचं त्याच्या हाताला येतं, राखायचंही येतं. काय करायचं एवढंच त्याला कळत नाही, कारण ज्याला कळायला हवं तो सांगत नाही. राब भाजायला चार महिने राहिलेत. पसरायचं असेल तर त्याच्या आत पसरायला हवं, नाहीतर या वर्षाचं आवण गेलं.

चौथा अर्ज त्यानं सोमवारी दिला. शितलच्या वहीतलंच पान. वर तोच मजकूर, एक शब्द बदललेला नाही. खाली फक्त एक ओळ वाढवली आहे: 'अर्जदाराची आई चिमी रघ्या करबट हिने उत्तराची वाट पाहिली.'

शिक्का मारून झाला असेल. आवक क्रमांकही पडला असेल. हा विषय आमच्याकडे नाही असं लिहू नका, अर्ज खाली पाठवला असं लिहू नका, टेबलाखाली बसा असं तर अजिबात लिहू नका. घर तिथंच आहे, जमीन तिथंच आहे, खाली सहावं माणूस येऊ घातलं आहे. घण जिन्याशी आहे.

एक की दोन? लिहा.